इलेक्ट्रॉनाची कोठडी

मुलांनो, धान्य साठविण्यास कणगी लागते, पाणी साठविण्यास रांजण लागतो. परंतु एकच इलेक्ट्रॉन कोंडून ठेवावयाचा झाल्यास त्याला कोठडी कशाची बांधावी?

शास्त्रज्ञांनी ती सिलिकॉनच्या चकतीत बांधली आहे. हे सिलिकॉन वाळूपासून मिळते. या कोठडीस ‘क्वांटम बिंदू’ म्हणतात. तिची रुंदी सुमारे 50 नॅनोमीटर असते. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! तिच्या भिंती दगडामातीच्या नव्हेत, विजेच्या आहेत. चकतीवरील धातूच्या सूक्ष्म पट्ट्यांना योग्य विद्युतदाब दिला, की इलेक्ट्रॉन मधल्या जागी अडकून पडतो.

हा खटाटोप कशासाठी? इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला लोहचुंबकच होय. त्याचे टोक ‘वर’ असेल तर 1 समजावा, ‘खाली’ असेल तर 0. नेहमीच्या संगणकात या दोहोंपैकी एकच अंक असतो. इलेक्ट्रॉन मात्र, मोजून पाहीपर्यंत, दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. या गुणाचा उपयोग करणारा तो क्वांटम संगणक. 1998 साली डॅनियल लॉस व डेव्हिड डिव्हिन्चेंझो यांनी एक युक्ती सुचविली: शेजारच्या दोन कोठड्यांमधील भिंत क्षणभर उतरवावी, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचा परस्परांवर परिणाम होऊन गणिताची एक पायरी साधेल.

पण ही अवस्था फार नाजूक असते. उष्णतेने ती मोडते. म्हणून चकती जवळजवळ उणे 273 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. शिवाय सिलिकॉनच्या शंभर अणूंपैकी सुमारे पाचांचे अणुकेंद्र स्वतःच चुंबकासारखे वागते व इलेक्ट्रॉनास विचलित करते. आपण तांदळातील खडे वेचतो, तसे शास्त्रज्ञांनी हे अणू वेगळे काढून सिलिकॉन शुद्ध केले.

या चिकाटीचे फळ मिळाले. 2022 साली नेदरलंड्स, ऑस्ट्रेलिया व जपान येथील शास्त्रज्ञांनी अशा पायऱ्यांतील चुका शंभरांत एकीहूनही कमी केल्या. चुका इतक्या विरळ असतील, तरच त्या शोधून दुरुस्त करता येतात. त्याच वर्षी नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथे सहा इलेक्ट्रॉनांना एकत्र कामास लावण्यात आले.

रेणूंचे वर्तन गणिताने जाणून नवी औषधे शोधण्यास मात्र अशा लक्षावधी कोठड्या लागतील. सहापासून लक्षांपर्यंतची ही वाट दीर्घ आहे. ती चालण्यास पुढे तुमच्यासारख्यांचीच गरज भासेल.

स्वाध्याय
1. क्वांटम बिंदूच्या भिंती कशाच्या असतात?
2. सिलिकॉन शुद्ध का करावे लागते?