रोंडा : कड्यावरील नगर

मनुष्य आपली वस्ती अवघड जागीं कां करितो, हें समजण्यासाठीं आपण दक्षिण स्पेनमधील रोंडा या प्राचीन नगराचा विचार करूं. अंदालुसियाच्या डोंगराळ भागांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ७४० मीटर उंचीच्या पठारावर तें वसलें असून, ग्वादालेवीन नदीच्या खोल दरीनें त्याचे दोन भाग झाले आहेत.

उभे कडे हाच तट असल्यामुळें मूर राज्यकर्त्यांच्या काळीं हें ठाणें दुर्जय मानलें जाई. परंतु पाणी दरीच्या तळाशीं! तें वर आणण्यासाठीं कड्याच्या पोटांत पायऱ्या खोदलेल्या होत्या. १४८५ सालीं फर्डिनंड राजाच्या सैन्यानें वेढा घालून हा पाण्याचा मार्ग हस्तगत केला, आणि थोड्याच दिवसांत नगर शरण आलें.

पुढें दरीपलीकडे वस्ती वाढली व पुलाची निकड भासूं लागली. १७३५ सालीं एका कमानीचा पूल घाईनें बांधण्यांत आला. १७४१ मध्यें तो कोसळून सुमारें ५० माणसें प्राणांस मुकलीं. मग दरीच्या तळापासून पाया घालून नवा पूल उभारला गेला. अनेक वर्षें चाललेलें तें काम १७९३ मध्यें पूर्ण झालें. सुमारें ९८ मीटर उंचीच्या या पुलावरून आजही नगरवासी ये-जा करितात.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, विद्येची इमारत उभारतांना आपणही पायाच्या कामीं घाई करूं नये, हाच या नगराच्या इतिहासाचा बोध होय.