टायटॅनियमवरचा रंग: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

बाइकच्या बोल्टपासून नाकातल्या चमकीपर्यंत निळ्या-जांभळ्या टायटॅनियमच्या वस्तू आता मिळतात. काही ठिकाणी रंगागणिक वेगळा भाव सांगतात: निळा एवढ्याला, सोनेरी त्याहून महाग, हिरवा तर 'स्पेशल'. हा भाव कबूल करण्याआधी रंग येतो कसा ते समजून घ्या. घासाघीस करायला तेवढं पुरतं.

टायटॅनियमला रंग लावत नाहीत, तो उमटवतात. सौम्य आम्लाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात वस्तू बुडवून तिला डीसी पुरवठ्याचं धन टोक जोडलं की पृष्ठभागावर टायटॅनियम ऑक्साइडचा पारदर्शक थर वाढतो. यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. असा थर हवेतही असतोच, पण जेमतेम काही नॅनोमीटर. विजेने तो दर व्होल्टमागे साधारण दोन नॅनोमीटर जाड होतो आणि दिलेल्या व्होल्टेजला आपोआप थबकतो. थराच्या वरून आणि तळातून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग दिसतो, ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतो तसा. १५ व्होल्टच्या आसपास तपकिरी, २५-३० ला निळा, ५५-६० ला सोनेरी, ७०-७५ ला गुलाबी-जांभळा, ९० ला मोरपिशी, १०० च्या पुढे हिरवा. द्रावण आणि मिश्रधातू बदलला की आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

आता विजेचा हिशेब. पाच चौरस सेंटीमीटर पृष्ठभागाच्या अंगठीवर १५० नॅनोमीटरचा थर ८० व्होल्टला वाढवायचा, तर शंभर-सव्वाशे ज्यूल ऊर्जा लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वाया जाणारी वीज दहापट धरली तरी एक पैसाही खर्च होत नाही. रंगद्रव्य तर लागतच नाही. म्हणजे निळा आणि सोनेरी यांत फरक फक्त बटण किती फिरवलं एवढाच. हिरव्याला मात्र थोडे जास्त पैसे मागितले तर ते रास्त आहेत, कारण वरच्या व्होल्टेजला पृष्ठभाग अगदी स्वच्छ नसेल तर डाग पडतात आणि काम पुन्हा करावं लागतं.

खरे पैसे जातात ते तयारीत. पॉलिश, तेलकटपणा काढणं, एचिंग (रसायनाने पृष्ठभाग किंचित खरवडणं) आणि वस्तू टायटॅनियमच्याच तारेने टांगणं, कारण तांब्याची तार द्रावणात विरघळते आणि वीज स्वतःच खाते. शिवाय जॉबवर्कवाल्याचं किमान बिल असतं. समजा ते हजार रुपये असेल, तर एका बोल्टला हजार आणि वीस बोल्टना प्रत्येकी पन्नास. म्हणून मित्रांचे बोल्ट जमवून एकदम द्या.

दोन रंग हवे असतील तर मास्किंगचे, म्हणजे एक भाग पट्टीने झाकण्याचे, पैसे लागतात, पण एकदाच. जास्त व्होल्टचा रंग आधी करून घेतला आणि मग पट्टी काढून उरलेल्या भागाला कमी व्होल्ट दिले, तर पहिला रंग बदलत नाही. जाड थराला कमी व्होल्टने काही होत नाही. दोनदा मास्किंग लावलेलं बिल आलं तर कारण विचारा.

याचीच दुसरी बाजू खिशाला लागते. निळ्यावरून सोनेरीकडे जाता येतं, पण सोनेरीवरून निळ्याकडे यायचं तर आधीचा थर उतरवावा लागतो. तो घासून किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेल्या द्रावणाने काढतात. हे आम्ल हाडापर्यंत इजा करतं, ते घरात आणायचंच नाही. रंगाबद्दल मन पक्कं नसेल तर आधी कमी व्होल्टचा घ्या. घरी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या जोडून नव्वद व्होल्ट करण्याचा खटाटोपही नको; ओल्या हाताला एवढा डीसी जीवघेणा ठरू शकतो.

कोणी लालभडक किंवा गडद काळा 'ॲनोडाइज्ड' टायटॅनियम दाखवला तर जपून. या पद्धतीत ते रंग मिळत नाहीत. तो लेप असेल, किंवा वस्तूच ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमवर सच्छिद्र थरात डाय भरतात, त्यामुळे तिथे जवळपास कुठलाही रंग निघतो. खऱ्या रंगाची एक सोपी खूण: तेलाचं बोट लावलं की छटा बदलते, पुसलं की परत येते.

टिकाऊपणाची फार आशा धरू नका. थर केसापेक्षा शेकडो पट पातळ. अंगठीच्या कडा लवकर उघड्या पडतात, बोल्टच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे येतात. चमकी किंवा बुगडी मात्र घासली जात नसल्याने रंग बराच टिकतो. निकेलमुळे खाज येणाऱ्यांनी टोचण्याच्या दागिन्यासाठी इम्प्लांट दर्जाचा एएसटीएम एफ-१३६ मिश्रधातू मागावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. धातूच्या दर्जाचे आणि पॉलिश-एचिंगचे पैसे निःशंक द्या. निळा, सोनेरी आणि गुलाबी यांना वेगवेगळे भाव लावलेले दिसले तर दुसऱ्या दुकानात जा.