सध्या कोणतं पुस्तक वाचताय? आणि त्यातलं धंद्यात काय उतरलं?



या आठवड्याच्या व्हिडिओत पुस्तकांबद्दल बोललो, पण वेळेअभावी बरंच राहून गेलं. ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आमच्या शनिवारच्या बॅचमध्ये महिन्यातून एकदा मी दोन प्रश्न विचारतो. पहिला, सध्या कोणतं पुस्तक वाचताय? दुसरा, त्यातलं तुमच्या धंद्यात काय केलंत? पहिल्या प्रश्नाला भराभर हात वर होतात. दुसऱ्या प्रश्नाला लोक एकमेकांकडे बघायला लागतात.

हसू नका. मीसुद्धा अनेक वर्षं त्यातलाच होतो आणि त्याची किंमत मोजलेली आहे. आधी ती गोष्ट सांगतो.

माझ्या कपाटातलं पुस्तक

ट्रेनर होण्याआधी माझं एका कॉलेजजवळ झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं. जागा भाड्याची, ११ महिन्यांचा करार. पहिली ११ महिने संपल्यावर मालक म्हणाले, "अहो, आपलं काय, चालू द्या की." मीही चालू दिलं. फर्निचर केलं, लॅमिनेशनचं आणि स्पायरल बायंडिंगचं मशीन घेतलं, बाहेर मोठा बोर्ड लावला. दोन लाखांच्या वर पैसे त्या चार भिंतींत घातले. परीक्षेच्या दिवसांत दुकानापुढे रांग लागायची. तिसऱ्या वर्षी मालकांना एका मोबाइलवाल्याने जास्त भाडं देऊ केलं आणि मला महिन्याभरात जागा खाली करायला सांगितली. माझ्या हातात कागद नव्हता. भांडणार कशाच्या जोरावर? नवी जागा मिळाली ती कॉलेजपासून दीड किलोमीटरवर. विद्यार्थी काही तिकडे आले नाहीत.

आता खरी बोचणारी गोष्ट. त्या वेळी माझ्या कपाटात सॅम वॉल्टन यांचं 'मेड इन अमेरिका' हे आत्मचरित्र होतं. वॉलमार्टच्या संस्थापकाचं १९९२ साली आलेलं पुस्तक. मी ते वाचलेलंही होतं, अगदी रात्री जागून. सकाळी उठून मित्रांना सांगितलं होतं, "काय जबरदस्त माणूस आहे!"

त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच काय आहे? १९४५ साली वॉल्टननी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, न्यूपोर्ट नावाच्या गावात पहिलं दुकान घेतलं. २५ हजार डॉलरला, त्यातले २० हजार सासऱ्यांकडून उसने. वर्षाला ७२ हजार डॉलरची विक्री त्यांनी पाच वर्षांत अडीच लाखांवर नेली. आणि मग दुकान गेलं. का? जागेच्या पाच वर्षांच्या करारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. चाललेलं दुकान मालकाला स्वतःच्या मुलासाठी हवं होतं, त्याने करार वाढवायला नकार दिला. वॉल्टनना बायको-मुलांसह गावच सोडावं लागलं. पुढे बेंटनव्हिलला दुकान थाटताना त्यांनी शेजारची जागा घेतली ती ९९ वर्षांच्या करारावर.

म्हणजे माझ्यावर जे आलं ते मी आधी छापील वाचलं होतं! पण मी वाचत होतो ते जोश येण्यासाठी. करार, कलम, मुदत हा भाग मला कंटाळवाणा वाटला आणि मी पानं उलटली. पुस्तकाने मला सावध केलं होतं, मीच ऐकलं नाही.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. पुस्तक आपल्या आत्ताच्या अडचणीला धरून वाचा. "यंदा २४ पुस्तकं वाचणार" असला संकल्प सोडला तरी चालेल. तुमची अडचण कोणती, त्यावरून पुस्तक निवडा. आमच्या बॅचमधली मंडळी सध्या काय वाचतायत आणि त्यातून काय करतायत, ते त्याच क्रमाने सांगतो.

अडचण १: जागा भाड्याची आहे

पुस्तक वर सांगितलं तेच. त्यातलं न्यूपोर्टचं प्रकरण आपला करार समोर ठेवून वाचा. मग हे तपासा:

- करार लेखी आणि नोंदणीकृत आहे का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे ते बंधनकारक आहे. "११ महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला" हा गैरसमज आहे.
- मुदत संपल्यावर पुढे काय? भाडं किती टक्क्यांनी वाढणार, हे लिहिलंय का?
- मालकाला जागा हवी असेल तर किती महिन्यांची नोटीस? मधेच काढता येणार नाही असा लॉक-इन आहे का?
- तुम्ही केलेलं फर्निचर, फिटिंग कोणाचं?

सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवा. त्यांची फी फर्निचरच्या खर्चापुढे काहीच नसते.

अडचण २: मी एक दिवस नसलो की धंदा बंद

मायकेल गर्बर यांचं 'द ई-मिथ रिव्हिजिटेड'. यात साराह नावाची एक बाई आहे, तिचं पायचं दुकान आहे. हातात कला आहे, पण भल्या पहाटेपासून राबून थकून गेलेली. गर्बर म्हणतात की धंदा करणाऱ्यात तीन माणसं हवीत: काम करणारा कारागीर, घडी बसवणारा मॅनेजर आणि पुढचं बघणारा उद्योजक. आपल्यातले बहुतेक जण कारागीर म्हणून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. "मला काम चांगलं येतं" म्हणजे "मला त्या कामाचा धंदा येतो" असं नाही, हे या पुस्तकाचं सार.

आमच्या बॅचमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई आहेत. इंग्रजी फारसं जमत नाही, म्हणून कॉलेजात जाणारी मुलगी रोज रात्री चार-पाच पानं वाचून मराठीत सांगते. ताईंनी संपूर्ण पुस्तक व्हायची वाट पाहिली नाही. त्यांनी एकच केलं. डोक्यात होतं ते भिंतीवरच्या कागदावर उतरवलं. किलोभर पिठाला पाणी किती, मीठ किती, त्याच्या पोळ्या ४० झाल्याच पाहिजेत, डब्यात भाजी किती डाव, झाकण लावण्याआधी काय बघायचं. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला त्या दोन दिवस गेल्या. केंद्र चालू राहिलं. पहिल्या दिवशी भाजी थोडी खारट झाली, कारण कागदावर मिठाचं माप "अंदाजे" लिहिलं होतं. आता तिथे चमचे लिहिले आहेत.

अडचण ३: विक्री होते, पण हातात काही उरत नाही

माइक मिखालोविच यांचं 'प्रॉफिट फर्स्ट'. आपण हिशोब असा करतो: विक्री वजा खर्च म्हणजे नफा. लेखक म्हणतो उलटं करा: विक्रीतून नफा आधी बाजूला काढा, उरलेल्यात खर्च भागवा. त्यासाठी तो वेगवेगळी खाती सांगतो: जमा, नफा, मालकाचा पगार, कर आणि खर्च. दर महिन्याच्या १० आणि २५ तारखेला जमा खात्यातून बाकीच्या खात्यांत वाटणी करायची.

यात नवीन काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आपल्या आया-आज्या पगार झाला की दूध, वाणी, फी, लाईटबिल अशी पाकिटं करायच्याच. घरात ही शिस्त असते, गल्ल्यावर बसलो की आपण ती विसरतो.

पण इथे एक सावधगिरी. आमच्या एका कापड दुकानदार मित्राने पुस्तक वाचून पहिल्याच महिन्यात १० टक्के नफा बाजूला काढला. झालं काय, तर व्यापाऱ्याचं पेमेंट अडकलं आणि ऐन लग्नसराईत उधारीवरचा माल बंद झाला. पुस्तकातच लिहिलंय की सुरुवात हवी तर एका टक्क्याने करा. ते पान त्याने उलटलं होतं, माझ्यासारखंच!

आणि आपल्याकडचे दोन बदल लक्षात ठेवा. पाच करंट अकाउंट उघडलीत तर प्रत्येकात किमान शिल्लक ठेवावी लागेल, म्हणून दोन खाती आणि वहीत पाच रकाने एवढंही पुरे. दुसरं, ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी तुमचा नाहीच. तो आला त्या दिवशीच वेगळा ठेवा, म्हणजे रिटर्न भरायच्या वेळी धावाधाव होत नाही.

अडचण ४: सगळे दिवसभर राबतात, तरी ऑर्डर वेळेत जात नाही

एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल', १९८४ सालचं. ही चक्क कादंबरी आहे, त्यामुळे न कंटाळता वाचून होते. अ‍ॅलेक्स नावाच्या मॅनेजरला कारखाना वाचवायला तीन महिने मिळतात. उत्तर त्याला सापडतं ते मुलांना डोंगरावर फिरायला नेल्यावर. रांगेतला हर्बी नावाचा मुलगा सगळ्यांत हळू चालतो आणि त्याच्यामागची सगळी रांग रखडते. बाकीच्यांनी कितीही पळून उपयोग नाही. अ‍ॅलेक्स त्याला रांगेत पुढे आणतो, त्याच्या पाठीवरचं ओझं बाकीच्यांत वाटतो आणि सगळी रांग वेगाने चालायला लागते.

आमच्यातल्या एका तरुणाचं ग्रिल आणि गेट बनवायचं वर्कशॉप आहे. तो दुसरं वेल्डिंग मशीन घेण्यासाठी कर्ज काढणार होता. मी म्हटलं, आधी तुझा हर्बी शोध. आठवडाभर त्याने प्रत्येक गेट कुठे किती वेळ पडून राहतं ते खडूने लिहून ठेवलं. वेल्डिंगला वेळ लागतच नव्हता. प्रायमर मारून वाळवायला जागा नव्हती, म्हणून तयार गेटं एकावर एक पडून होती. त्याने मागच्या बाजूला पत्र्याची शेड आणि अडकवायला अँगल लावले. कर्जाचा अर्ज सध्या फाइलमध्येच आहे.

अडचण ५: "हे सगळं अमेरिकेत चालतं हो, आपल्याकडे नाही"

मग आपल्या मातीतली वाचा. शंतनुराव किर्लोस्करांचं 'कॅक्टस अँड रोझेस' घ्या. त्यांचे वडील लक्ष्मणराव यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. लोखंडी नांगर बनवला तर शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन विषारी होईल. माल तयार, पण गिऱ्हाईकच तयार नाही! त्यात बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. जागेचा प्रश्न वॉल्टनना होता, लक्ष्मणरावांना होता, मला होता, तुम्हालाही असणार आहे.

हॉटेल लाइनमध्ये असाल तर विठ्ठल कामत यांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' मराठीतच आहे. तो प्रवास वाचताना कर्ज आणि माणसं यांच्याबद्दलची पानं घाईने उलटू नका.

वाचायचं कसं?

१. आधी वहीत एका वाक्यात अडचण लिहा. "धंदा वाढवायचाय" ही अडचण नाही. "शनिवारी १५ ऑर्डर उशिरा जातात" ही अडचण.

२. अनुक्रमणिका बघा आणि त्या अडचणीचं प्रकरण आधी वाचा. पहिल्या पानापासूनच सुरुवात केली पाहिजे असा नियम नाही.

३. पानाचे तीन रकाने करा: पुस्तक काय म्हणतं, माझ्या धंद्यात ते कुठे बसतं, या आठवड्यात मी काय करणार.

४. जिथे कंटाळा येतो तिथे थांबा. करार, हिशोब, स्टॉक, माणसांचे पगार. आपली गळती बहुतेक वेळा तिथेच असते.

५. तिसरा रकाना भरून ते काम होईपर्यंत दुसरं पुस्तक विकत घ्यायचं नाही. पैसे नसतील तर गावातल्या वाचनालयाची वर्गणी भरा, परत करायची तारीख असली की वाचनही होतं.

आणि कोणी पुस्तक सुचवलं तर त्यांना एवढंच विचारा, "यातलं तुम्ही काय केलंत?" उत्तर आलं तर पुस्तक घ्या. नाही आलं तर चहा प्या आणि विषय बदला.

गृहपाठ

तुमच्या घरात अर्धवट वाचलेलं किंवा वाचून विसरलेलं एक तरी धंद्याचं पुस्तक असेल. नवीन मागवू नका. आज रात्री तेच काढा, आपली अडचण लिहा आणि त्या अडचणीचं एक प्रकरण पुन्हा वाचा. येत्या शनिवारपर्यंत त्यातली एक गोष्ट करून बघा, जमली नाही तर का जमली नाही तेही लिहा.

जागा भाड्याची असेल तर मात्र त्याआधी कपाटातून तुमचा करार काढा. मी काढला नव्हता.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.