आधी तू बरी हो

अगं, काल तुझ्याशी फोनवर बोलताना मागून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि माझ्या पोटात गोळाच आला. बायपास होऊन महिना झाला नाही आणि तू ओट्याशी उभी?

दादाची बायपास झाली तेव्हाचं आठव. वहिनीने त्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून दिला. आपण बायका मात्र घरी आलो, की कुणी तरी विचारतं, "मीठ कुठल्या डब्यात आहे?" आणि सांगायचं सोडून आपण उठतो.

छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलंय. ते सांधायला सहा-आठ आठवडे, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने लागतात. तोवर दोन-अडीच किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेला कुकर, ओल्या कपड्यांची बादली, दळणाचा डबा, सगळं त्यापेक्षा जड. कणीक मळतानाही दोन्ही हातांचा जोर त्या हाडावरच येतो. नातीला कडेवर घेऊ नकोस, बसल्यावर कुणाला तरी मांडीवर द्यायला सांग.

दादाला विचारून कळणार नाही असंही काही आहे. स्तनांच्या वजनाने जखम ओढली जाते. पुढून हुक असलेली, तार नसलेली सुती ब्रा घाल, रात्रीसुद्धा. छातीच्या डाव्या बाजूला बधीर वाटलं, मुंग्या आल्या तर घाबरू नकोस. तिथलीच धमनी सोडवून हृदयाला जोडतात. बहुतेकींचं हे काही महिन्यांत कमी होतं.

दादा दीड महिन्यात ऑफिसला गेला, मग मलाच का जमेना, असं मनातही आणू नकोस. आपल्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बारीक. त्यात बायका ऑपरेशनपर्यंत पोचतात तेच उशिरा, मधुमेह-बीपी सोबत घेऊन. सावरायला वेळ लागतोच. उगाच रडू येतं म्हणालीस ना? बायपासनंतर बायकांना ते जास्त होतं. दोन आठवडे मन असंच राहिलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांग.

आणि कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हृदयासाठीचे देखरेखीखालचे व्यायाम, चुकवू नकोस. घरचं आवरायचंय म्हणून कितीतरी जणी ते मधेच सोडतात. अहोंना सांग, सोडायला-आणायला तुम्हीच यायचं.

ताप, जखमेतून पाणी, हाडात कट्-कट्, धाप, किंवा दोन दिवसांत दीड किलो वजन वाढलं, तर लगेच हॉस्पिटलला फोन. छातीत दुखलं तर थेट ॲम्ब्युलन्स. कुणाची झोपमोड नको म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही, कळलं?