माणसे कीटक का खातात?

या खेपेच्या भित्तिपत्रकाला गुरुजींनी ‘आपला आहार’ हा विषय दिला. कुणी दुधावर लिहिले, कुणी नाचणीवर, कुणी रानभाज्यांवर. मला मात्र जवळ बोलावून ते म्हणाले, “तू कीटकांवर लिही. कीटक खाणाऱ्या माणसांवर.” हा विषय मलाच का दिला ते मला लगेच उमजले. वर्गातल्या मुलांना ते ठाऊक आहे. शाळा पाहायला आलेल्या पालकांना ठाऊक नाही, म्हणून आधी तेच सांगतो.

होळीच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातल्या एका मुलाने पळसाच्या पानाची पुडी सोडली. आत मधमाशीच्या अळ्या होत्या, तव्यावर परतलेल्या, मीठमिरची लावलेल्या. तो एकट्यासाठी आणत नव्हता, आम्हांला वाटायला म्हणून आणल्या होत्या. मी पुडीत डोकावलो आणि ओरडलो, “ए, ह्यो किडं खातोय!” सगळी पोरे हसली. दोघीतिघींनी नाक दाबले. त्याने पुडी परत बांधली, शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजी मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

असो. अभ्यास करायचा म्हणून मी पहिल्यांदा त्याच्याच वाडीला गेलो. सोबत गुरुजी होते. आपल्या अकोले तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर बांधवांच्या पुष्कळ वाड्या आहेत, त्यांतलीच ती एक. त्याचे आजोबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. मला वाटले ते आता बोलणार. पण ते म्हणाले, “बस पोरा, पाणी पी.” मग गुरुजींनी विचारल्यावर त्यांनी सगळे सांगितले.

मधमाश्यांच्या जाती त्यांना तोंडपाठ. आग्या मोहोळ उंच कड्याला नाहीतर मोठ्या झाडाला लोंबते, एकच मोठे पोळे, माश्या तापट. सातेरी झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत राहते, तिची पोळी एकाशेजारी एक अशी अनेक असतात. फुलोरी लहान, झुडपाला तळहाताएवढे पोळे करते. सातेरी शोधायची तर उन्हाळ्यात झऱ्यावर बसायचे. पाणी प्यायला आलेली माशी कुठल्या दिशेने उडते ते बघायचे, थोडे चालायचे, पुन्हा थांबायचे. आजोबा म्हणाले, “माशी सरळ घरला जाती. माणूस जात न्हाई.” यावर गुरुजी बराच वेळ हसले.

पोळ्यात वरच्या भागात मध असतो, त्याखाली फुलांचे पराग साठवलेले असतात आणि त्याखाली अंडी-अळ्यांचा भाग. राणीमाशी एकेका घरात एकेक अंडे घालते. तीन दिवसांनी अंडे फुटते, अळी बाहेर येते. कामकरी माश्या तिला भरवतात. पुढे घराचे तोंड मेणाने बंद होते, आत अळीची कोशावस्था होते आणि अंड्यापासून सुमारे तीन आठवड्यांत पंखांची माशी बाहेर पडते. खायला घेतात त्या या बंद घरातल्या पांढऱ्या, मऊ अळ्या. पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजतात किंवा तव्यावर परततात. चव कशी, असे मी विचारले. आजोबा म्हणाले, “खरवसावानी.” मी खाल्ल्या नाहीत. आमचे घर माळकरी आहे, अंडेसुद्धा शिजत नाही. त्यांनी आग्रह केला नाही. मला गूळशेंगदाणे दिले.

मला वाटत होते की हे फक्त डोंगरातलीच माणसे खात असतील. गुरुजींनी मोबाइलवर काढून वाचून दाखवले तेव्हा माझा समज पार खोटा ठरला. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती पाहणारी एक संघटना आहे. तिने २०१३ साली एक मोठा अहवाल काढला. त्यात लिहिले आहे की जगातल्या सुमारे २०० कोटी माणसांच्या पारंपरिक जेवणात कीटक असतात आणि खाल्ल्या जाणाऱ्या कीटकांच्या जाती १९०० हून अधिक आहेत. म्हणजे पुडीतल्या अळ्यांना हसताना मी २०० कोटी लोकांना हसलो होतो.

महाराष्ट्रातच पाहा. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे माडिया बांधव तांबड्या मुंग्यांची चटणी करतात. या मुंग्या झाडाची पाने एकमेकांना शिवून घर करतात. शिवायला दोरा कुठला? त्यांच्याच अळ्यांच्या तोंडातून निघणारे रेशीम! एक मुंगी अळीला जबड्यात धरून सुईसारखी इकडून तिकडे फिरवते. मुंग्यांच्या अंगात आम्ल असते, त्यामुळे चटणीला आंबटपणा येतो, चिंच घालावी लागत नाही. छत्तीसगडात बस्तरमध्ये हिला चापडा म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जसे आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना आहे तसे. आसामात रेशीम काढून झाल्यावर एरी किड्याचे कोश आवडीने खातात. नागालँडात गांधीलमाशीच्या अळ्या बाजारात मिळतात. जपानात भातखाचरातले नाकतोडे गोड-खारट रसात शिजवतात. थायलंडात तर रातकिडे पाळतात, कोंबड्या पाळाव्यात तसे. असे पाळणारे सुमारे २० हजार शेतकरी तिथे आहेत, असे त्याच सुमाराच्या माहितीत आहे.

थायलंडची एक गोष्ट मला फार आवडली. तिथे मक्यावर टोळ पडत. विमानातून औषध फवारून पाहिले, टोळ आटोक्यात येईनात. तेव्हा १९८० च्या सुमारास सरकारनेच लोकांना सांगितले, धरा आणि खा. लोक रात्री टोळ धरू लागले, तळून विकू लागले. पुढे त्यांना एवढा भाव आला की टोळ कमी पडू लागले. त्या टोळाचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे लोकस्ट’, म्हणजे मुंबईचा टोळ! आपल्या मुंबईचे नाव असलेला टोळ तिकडे खातात आणि आपल्याला पत्ताच नाही.

आता मुख्य प्रश्न, कीटक खाऊन अंगाला काय मिळते? प्रथिने पुष्कळ मिळतात, शिवाय चरबी, लोह, जस्त. मी वहीत लिहिले होते की रातकिड्यात सुमारे ६० टक्के प्रथिने आणि अंड्यात १३ टक्के, म्हणजे रातकिडा अंड्याच्या चौपटीहून भारी. गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली. ते म्हणाले, “हा रातकिडा वाळवलेला आहे. अंडे ओले आहे. ओल्याची तुलना ओल्याशी कर.” हे बरोबर आहे. वाळवताना पाणी उडून जाते, म्हणून आकडा मोठा दिसतो. ओला कीटक घेतला तर त्यात प्रथिने साधारण मटणाइतकीच, जातीप्रमाणे कमीजास्त. आपल्या तूरडाळीत २२ टक्क्यांच्या आसपास असतात, पण तीही कोरडी डाळ, शिजलेले वरण नव्हे. वर्तमानपत्रात असे आकडे येतात तेव्हा ओले की वाळलेले ते बघावे.

खरा फायदा दुसरीकडेच आहे. १ किलो वजन वाढवायला गाईबैलाला सुमारे ८ किलो खाद्य लागते, कीटकांना सरासरी २ किलो पुरते. कारण काय? गाय, शेळी, आपण, सगळे गरम रक्ताचे. खाल्लेल्यातले पुष्कळसे अंग ऊबदार ठेवण्यातच जळते. कीटकाला अंग तापवायचे नसते, हवा जशी तसे त्याचे अंग. म्हणून खाल्लेले त्याच्या अंगी लागते. जमीनही थोडी पुरते, एका खोलीत हजारो रातकिडे मावतात. युरोपात २०२१ पासून एकेका कीटकाला अन्न म्हणून परवानगी मिळू लागली आणि सिंगापूरने २०२४ साली १६ कीटकांना एकदम दिली.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, “पुरे तुझं, जेवताना नको.” आजी मात्र ऐकत होती. १९७२ च्या दुष्काळात ती माझ्याहून थोडी मोठी होती. तेव्हा महाराष्ट्रात लाखो माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आजीही आईबापांबरोबर नालाबंडिंगवर पाट्या वाहायची. लहान पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी यायची, तिला मिलो म्हणत. आजी म्हणाली, “भाकर थापाया घेतली की तुटायची. आन् त्यात किडं असायचं. पैल्यांदा आमी येचायचो. येचता येचता दिस मावळायचा. मंग येचायचं सोडलं.” मी विचारले, “मग किड्यांसकट दळायचीस?” ती म्हणाली, “तवा कोन बघतंय.” एवढे बोलून ती गप्प झाली. माळ घातलेल्या माझ्या आजीने ही गोष्ट घरात आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

आपणही न कळत खातोच की! उंबर फोडले तर आत चिलटासारखे बारीक कीटक निघतात. उंबराची फुले फळाच्या आत असतात आणि हेच कीटक आत शिरून परागीभवन करतात. ते नसते तर उंबराला बी धरले नसते. आपण फुंकर मारतो नि खातो. औषधाच्या काही गोळ्यांवर आणि काही मिठायांवर जी चकाकी असते ती लाखेची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याचा स्राव. काही तांबडे खाद्यरंग निवडुंगावरच्या किड्यांपासून करतात. मध तर मधमाशीच्या पोटातून येतो, आणि तो आपण उपासालासुद्धा चालवून घेतो.

आता माझ्या मामांचे ऐका. ते खाली प्रवरेच्या कालव्यावर राहतात, तिकडे ऊस. उसाला हुमणी लागते. ही पांढरी अळी जमिनीत राहून मुळे कुरतडते, उभा ऊस वाळून जातो. वळवाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेला तिचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते पाडायचे, दिव्याचे सापळे लावायचे, गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे, असे शेतीचे जाणकार सांगतात. पण मामा नांगर चालला की मागे कोंबड्या सोडतात. बगळे आणि कावळे न बोलावता येतात. मला वाटते, आपल्या भागात कीटकांचा पहिला उपयोग हाच, कोंबड्यांना आणि माशांना खाद्य. माणसाला आपल्याकडे मटकी, हरभरा, भुईमूग स्वस्त मिळतो. शाळेतल्या खिचडीत उद्यापासून रातकिडे घाला असे माझे म्हणणे नाही, घाबरू नका.

हा लेख वाचून कुणी लगेच नाकतोडे धरायला धावू नये. आपल्या रानात टोमॅटोवर, कांद्यावर औषधे फवारतात. फवारलेल्या रानातला कीटक म्हणजे औषधच पोटात. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा तिच्यावरही फवारणी झाली. तसले टोळ कुणीही खाऊ नयेत. ज्यांना खेकडा किंवा कोळंबी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, त्यांना कीटकही बाधू शकतात, कारण या सगळ्यांचे नाते जवळचे आहे. कच्चे तर मुळीच नको. सगळे कीटक खाण्याजोगे नसतातही. आपल्या भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर लांबलांबची माणसे काजवे पाहायला येतात, पण अमेरिकेतल्या काही काजव्यांच्या अंगात विष असते, पाळलेले सरडे ते खाऊन मेले आहेत. कोणता कीटक खायचा, कधी आणि कसा, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्यांनाच ठाऊक.

एक शंका मला राहिली होती. अळ्याच खाल्ल्या तर माश्या उरणार कशा? वर्गातल्या मुलीही हेच विचारतील म्हणून मी आजोबांना विचारले. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, सातेरीची सगळी पोळी काढायची नाहीत, थोडी ठेवायची, म्हणजे माश्या तिथेच राहतात. पण आता बाहेरचे लोक मधासाठी येतात, जाळ करून सगळे मोहोळ साफ करतात. गुरुजींनी त्यांना मधपेट्यांची माहिती सांगितली. पेटीत पोळ्याच्या चौकटी सुट्या निघतात, त्या यंत्रात फिरवून फक्त मध काढता येतो, अळ्यांना धक्का लागत नाही. पुण्याला १९६२ पासून मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. सातारा जिल्ह्यातले महाबळेश्वरजवळचे मांघर तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. आजोबांनी विचारले, “मंग अळ्या?” गुरुजींना लगेच उत्तर सुचले नाही.

आम्ही निघालो तेव्हा तो मुलगा शेळ्या घेऊन आला. मी माझे चुकले म्हणालो. तो म्हणाला, “शाळेत सांग.” म्हणून इथे लिहिले आहे, सर्वांना वाचता येईल असे.

सोमवारी तो शाळेत आला. या लेखाशेजारचे सातेरीच्या पोळ्याचे चित्र आम्ही दोघांनी काढले आहे. मी मध खाली आणि अळ्या वर रंगवल्या होत्या. त्याने ते पाहिले, माझ्या हातातून खडू घेतला आणि सगळे खोडून पुन्हा काढले.