मीटर शून्य दाखवतो तेव्हा

अगं, तू रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला लागलीस हे ऐकून फार बरं वाटलं. भिवंडीत साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मोटारी कधी थांबत नाहीत, त्यामुळे कामाची ददात पडणार नाही. पण कॉइल भरायला शिकण्याआधी ताईचं एवढं ऐक. हातातल्या मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नकोस.

कारखान्यात थ्री फेज लाइन असते, 415 व्होल्टची. मीटरच्या रेंज स्विचचा कॉन्टॅक्ट खराब असेल, तर जिवंत लाइनवरही मीटर शून्य दाखवतो. लाइन बंद आहे असं समजून माणूस हात घालतो आणि होत्याचं नव्हतं होतं. म्हणून आधी चालू असलेल्या पॉइंटवर मीटर लावून बघ, मग तुझी लाइन तपास, मग पुन्हा त्याच चालू पॉइंटवर लाव. तिन्ही वेळा. मुकादम घाई करत असला तरी हे सोडायचं नाही.

आता मीटरची तब्येत. 200 ओहमच्या रेंजवर दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट लाव. चांगला डिजिटल मीटर अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. आकडा जास्त आला तर आधी वायरी हलवून बघ, कारण निम्मं दुखणं वायरीत असतं, प्रोबच्या मानेपाशी तार आतून तुटलेली असते. वायरी ठीक असतील तर नॉब बोटाने हलकेच डोलव. आकडा नाचला तर समज, दोष स्विचमध्ये आहे.

आपल्याकडे असं का होतं, तर कापसाचं तूस. नॉबच्या फटीतून ते आत शिरतं, पावसाळ्यात दमट होतं आणि स्विचच्या कॉन्टॅक्टच्या पत्त्यांवर चिकटून बसतं. शिवाय जुन्या मीटरच्या पत्त्यांवर चांदीचा मुलामा असतो. हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो, तुझी पैंजणं पडतात तसाच. रबरातही गंधक असतं, म्हणून मीटरला रबरबँड गुंडाळून ठेवायची सवय मोड.

उघडण्याआधी प्रोब काढ, सेल काढ. खाली पांढरं फडकं अंथर, कारण डिजिटल मीटरच्या नॉबखाली बारीक स्प्रिंग आणि छर्रे असतात, टुणकन उडाले की सापडत नाहीत. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढ. तूस मऊ ब्रशने झाड. कारखान्यात सगळे कॉम्प्रेसरची नळी उचलतात, तू उचलू नकोस. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि तूस आणखी खोल जाऊन बसतं.

मग कॉन्टॅक्ट क्लीनर, नाहीतर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा 70 टक्क्यांचं, बाकीचं पाणी, ते नको. पत्तीवर थेंबभर सोड आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरव. पत्त्या आपसूक एकमेकींना घासून स्वच्छ होतात. काट्याच्या मीटरमध्ये हे द्रव काट्याच्या कॉइलपर्यंत जाऊ देऊ नकोस. पुरतं वाळल्याशिवाय सेल घालायचा नाही. पॉलिश पेपरला तर हातच लावू नकोस, मुलामा जेमतेम असतो, तो गेला की खालचं पितळ पुन्हा पुन्हा काळवंडतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको, त्यावर तूस आणखी चिकटतं.

पॉटचं, म्हणजे दांडा फिरवून रोध बदलणाऱ्या पोटेन्शिओमीटरचं, तंत्र वेगळं. नाशिकच्या मोटवाने कंपनीचा जुना काट्याचा मीटर कुठे मिळाला तर सोडू नकोस, पॉट तपासायला काट्यासारखं दुसरं काही नाही. पॉट सर्किटमधून सोडवून घे. त्याला तीन पाय असतात. बाहेरच्या दोघांमध्ये छापलेली किंमत साधारण मिळायला हवी, वीसेक टक्के इकडेतिकडे चालतं. मग मधला आणि एक बाहेरचा पाय धर आणि दांडा हळूहळू फिरव. काटा सरकत गेला तर उत्तम. मध्येच उसळला तर आत मळ आहे, थेंबभर क्लीनर सोडून फिरव. तरीही नेमक्या त्याच जागी उसळत राहिला तर कार्बनचा पट्टा झिजलाय. मी असा एक पॉट उघडून पाहिला होता. काळ्या पट्ट्यात आतल्या सरकत्या ब्रशने कोरलेली चकचकीत चाकोरी होती आणि एका जागी कार्बन संपून खालचा तपकिरी बोर्ड दिसत होता. तिथे काही घासून उपयोग नाही, पॉट बदलायचा.

काट्याच्या मीटरचं झिरो अॅडजस्ट फिरवताना काटा थरथरला तर त्यामागच्या पॉटकडे बघ. पूर्ण फिरवूनही काटा शून्यावर पोचत नसेल तर आधी सेल बदल. आत बोर्डवर बारीक प्रीसेट दिसतील, त्यांना स्क्रू ड्रायव्हर लावू नकोस. कॅलिब्रेशन त्यांच्यावर असतं. इन्सुलेशन तपासायच्या मेगरमध्ये तर 500 व्होल्ट आणि त्याहून जास्त तयार होतात, तो अजून वर्षभर एकटीने उघडायचा नाही. तुझ्या हातात कसब आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिथे शेजारी जाणतं माणूस हवंच.

नवा पॉट घ्यायला ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जा, आणि जुना सोबत ने. किंमत बघ, अक्षर बघ. बहुतेक मालावर बी म्हणजे सारखा चढणारा, ए म्हणजे आवाजासाठीचा, मीटरला बहुधा बी लागतो. दांड्याची लांबी आणि त्याचा काप जुन्याशी जुळवून घे, नाहीतर नॉब बसत नाही. बसवल्यावर दुसऱ्या चांगल्या मीटरशी दोन-तीन रेंजवर आकडे ताडून बघ, मगच तो मीटर मोटारीवर लाव.