नाताळात मुंबईहून गोव्याला जाताना

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सहलीला निघालेले आणि सणाला घरी निघालेले असे दोन्ही लोंढे गोव्याच्या गाड्यांत चढतात. मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी भरून वाहतात, जादा गाड्या सोडल्या जातात आणि बऱ्याचशा उशिरा धावतात. कारण साधे आहे. 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे अजूनही बहुतांशी एकेरी मार्गाची आहे. रोहा ते वीर एवढ्या टप्प्याचे दुहेरीकरण 2021मध्ये झाले. समोरून गाडी आली की एकीला स्थानकात क्रॉसिंगसाठी थांबावेच लागते, आणि जादा गाडी तर सगळ्यांना वाट देत राहते. तिला झालेला तीन-चार तासांचा उशीर हा अपघात नव्हे, प्रवासाचाच भाग धरावा. 24 तारखेच्या संध्याकाळी घरी पोहोचण्याचा बेत त्यामुळे कच्चा ठरतो. 22 किंवा 23ला पोहोचणे बरे.

आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी आठला खुले होते. 1 नोव्हेंबर 2024पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. म्हणजे 23 डिसेंबरचे तिकीट 24 ऑक्टोबरला, तेही अनेकदा दिवाळीच्या धामधुमीत. फराळाच्या गडबडीत तो दिवस हुकला की नशिबी वेटिंग. ऑनलाइन काढलेले वेटिंगचे तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होते. ते घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी मात्र सोडू नये, बाजूचे बाक दोघांत वाटून का होईना, बसायची हमी असते. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरल्यास पूर्ण भाडे परत मिळते. हा नियम पुष्कळांना आठवतो तो गाडी सुटल्यावर.

रस्त्याचा पर्याय आणखी बेभरवशाचा. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011पासून रखडत चालले आहे आणि सुट्ट्यांत माणगावची कोंडी ठरलेली. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये, असा शासन निर्णय 2018चा आहे. प्रस्तुत लेखकाला ऐन नाताळात एका खासगी बसवाल्याने सांगितलेला आकडा त्याच्या फार पुढचा होता, आणि पावती मागताच तो नुसता हसला. तरीही पावती मागावीच; त्याशिवाय आरटीओकडे तक्रार उभी राहत नाही. विमानाने जाणाऱ्याने तिकिटावरील विमानतळाचे नाव नीट वाचावे: मोपा राज्याच्या उत्तर टोकाला पेडण्यात आहे, दाबोळी वास्कोजवळ. दक्षिण गोव्यातल्या साष्टीकडे जाणारा मोपाला उतरला तर निम्मा गोवा टॅक्सीने पार करावा लागतो.

राहिला प्रश्न रखडलेल्या तासांचा. हे तास त्राग्यात घालवायचे की सणात, हे बरेचसे पिशवीत काय आहे यावर अवलंबून असते. लेखकाने एका स्लीपर डब्यात पाहिलेला प्रकार सांगण्यासारखा आहे. रत्नागिरीच्या अलीकडे गाडी क्रॉसिंगला थांबून राहिली होती, चहा संपला होता, मुले किरकिरत होती. माझगावच्या एका बाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत वर्तमानपत्राच्या घड्यांत कुलकुल आणि नेवऱ्या. डब्याच्या झाकणातच त्या वाढून पुढे सरकवल्या गेल्या. कणकवलीला जाणाऱ्या कुटुंबाने त्यावर चिवडा काढला, आणि तपासायला आलेल्या टीसींनी उभ्याउभ्या दोन कुलकुल तोंडात टाकून तिकिटे न बघताच पुढचा बे गाठला. बाईंच्या नातवाने वरच्या बर्थच्या शिडीला सेलवर चालणारा कागदी तारा बांधला. पुढे साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात रेंज गेली, मोबाईल खाली ठेवले गेले आणि कोणीतरी दुलपद, म्हणजे कोंकणी गाणे, धरले. गाडी तेव्हाही तितकीच उशिरा होती.

नाताळात शेजाऱ्यांकडे गोडाचे ताट पाठवण्याची गोव्यात रीतच आहे. डब्यातले शेजारी त्यात धरायला हरकत नाही. त्यासाठी कुलकुल, नेवऱ्या, दोदोल असे टिकाऊ जिन्नस घ्यावेत. क्रीमचा केक दादर सोडेपर्यंतच देखणा राहतो. खाऊची पिशवी बाकाखाली सामानात न दडपता हाताशी ठेवावी. तारा सेलवरचाच हवा, चार्जिंगची जागा इतरांना लागते. मेणबत्ती गाडीत कदापि पेटवू नये. आणि गाणे कितीही रंगले तरी रात्री दहाला थांबवावे, वरच्या बर्थवरच्या प्रत्येकाला नाताळ असतोच असे नाही.

एवढे करूनही गाडी 24च्या रात्री सावंतवाडीच्या अलीकडे अडकली, तर सण बुडाला असे समजू नये. कॅथलिक उपासनेत नाताळच्या मिस्सा तीन आहेत: रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. गोव्यातल्या चर्चमध्ये 25ला सकाळीही मिस्सा असते, आणि थिवी किंवा मडगावला पहाटे उतरलेल्याला ती गाठता येते.